अण्णा उठल्याशिवाय पंगत उठत नाही

अण्णा,

कलेसाठी आयुष्य वेचणारी माणसं शतकातून एखादीच जन्माला येतात आणि तुम्ही त्यांपैकी एक होतात. हे वाक्य तुमच्या शोकसभेत चौघांनी म्हटलं. पहिल्याला तुमचं नाव चिठ्ठीवर बघावं लागलं. दुसऱ्यानं भरतनाट्यमला कथक म्हटलं. तिसरे आपले प्लॉटवाले साहेब. तुमच्या आठवणींवरून बिडकीनच्या रस्त्यावर आणि तिथल्या चढत्या भावांवर यायला त्यांना दोन मिनिटं लागली. चौथा मी होतो. ऐन वेळी दुसरं काही सुचलं नाही. खाली बसताना उगाच वाटलं, तुम्ही शेवटच्या खुर्चीवर फुटाणे खात बसला आहात आणि म्हणताय, "मास्तर, तुमी बी?"

मी कधीच मास्तर नव्हतो. कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होतो, एक तासही शिकवलं नाही. पण तुमच्या लेखी पुस्तकाजवळ बसणारा प्रत्येक माणूस मास्तर होता, आणि ती चूक मी इतकी वर्षं दुरुस्त केली नाही, कारण ती मला आवडायची. तुम्ही स्वतः स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतात. गंगापूरची गाडी कितीला लागली, वैजापूरची का सुटली नाही, याचा हिशेब डोक्यात आणि शिट्टी ओठांत. निवृत्त झालात तरी शिट्टी खिशातून गेली नव्हती. शोकसभेच्या बॅनरवर तुमच्या फोटोखाली 'कलातपस्वी रंगनाथराव' असं छापलं होतं. तुमचं नाव रंगनाथराव आहे हे मला तिथंच कळलं. फोटो ओळखपत्रावरचा असावा. त्यात तुम्ही कुणाची तरी गाडी उशिरा आल्यासारखे रागावलेले दिसता.

तपस्वी हा शब्द ऐकला की मी सावध होतो. तुमच्याबाबतीत तर मी पहिल्या दिवसापासून सावध होतो. रेवतीताईंनी नृत्याच्या क्लाससाठी तुमच्या घराचा वरचा हॉल भाड्यानं घेतला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुमच्या दुपारच्या झोपेवर बारा मुलींचे पाय पडले. तुम्ही तणतणत वर गेलात. सुमनवहिनी सांगतात की भांडणाचा आवाज येईना म्हणून त्या बघायला गेल्या, तर तुम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला होतात, दाराकडं पाठ करून. मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं, हा माणूस भाडं वाढवायला गेला असणार आणि आकडा ठरेना म्हणून बसला असणार. तुम्ही भाडं वाढवलं नाहीत. मग मला जास्तच संशय आला.

पुढं तर तुम्ही खाली कॉटवर पडल्या पडल्या सांगायला लागलात, "ती तिसरी पोरगी डावा पाय उशिरा टाकती." मी वर जाऊन बघितलं. टाकत होती.

आपल्या जेवणाचं कसं सुरू झालं ते तुम्हाला आठवतच असेल, पण तुमची आणि माझी आठवण कधी जुळली नाही, म्हणून माझी सांगतो. रेवतीताईंच्या त्या बारा मुलींचं नृत्यपथक झालं होतं. बाहेरगावी कार्यक्रम होत होते, आणि गावातल्या गावात चार पैसे उभे करायला वर्षातून एक जेवण ठेवायचं ठरलं. पहिल्या वर्षी आधी जेवण, मग नृत्य. लोक जेवले, बडीशेप घेतली आणि गेले. नृत्याला मुलींचे आईवडील आणि माइकवाला उरला. दुसऱ्या वर्षी आधी नृत्य, मग जेवण. लोक बरोबर जेवणाच्या वेळेला आले. शेवटच्या नृत्याआधी हॉल भरला तो चपलांच्या आवाजानं. कला जगवण्याची या शहराला तळमळ आहे, फक्त ती पोट रिकामं असेपर्यंत टिकते, असं मी तेव्हा म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "मग पोट भरायच्या मदीच पकडा की त्यांना."

तिसऱ्या वर्षी तुम्ही आपल्या कमिटीपुढं तुमचा आराखडा ठेवलात. बुफे नको, टेबलखुर्ची नको. मंगल कार्यालयात तीन भिंतींना लागून पंगत, मधली जागा मोकळी, आणि जेवण वरण-बट्टीचं.

रेवतीताई ताडकन उठल्या. "अण्णा, जेवणाऱ्यांपुढं माझ्या मुली नाचणार नाहीत. त्यातून बाहेर पडायला आमच्या आज्यांची पिढी भांडलीय."

मी त्यांच्या बाजूचा होतो, अजूनही आहे. तुम्ही त्यांचं सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बरोबर हाय ताई. समद्यांचं खाणं झाल्यावरच पोरी येतील. वाढपी बाहेर, मग तुमी आत. फक्त पंगत उठायच्या आदी."

"उठायच्या आधी म्हणजे किती वेळ?"

"पंगत हाय ओ ताई. बसंल थोडा वेळ."

त्या वर्षी प्रमुख पाहुणे आले नाहीत. पंगतीच्या अग्रभागी कुणीतरी वडीलधारं हवं म्हणून तुम्हाला बसवलं. लोक जेवले. मागचा भात झाला, ताकही झालं. वाढपी बाहेर गेले, मुली आत आल्या आणि वर्णम सुरू झालं. भरतनाट्यमच्या कार्यक्रमातला हा सगळ्यांत लांब भाग. अर्धा तास सहज जातो, आणि मागच्या दोन वर्षांत मुलींचे आईवडील सोडले तर तो शेवटपर्यंत कुणी पाहिला नव्हता. पाचव्या मिनिटाला एक बँकवाले उठायला लागले. शेजारच्या म्हातारीनं त्यांना धोतर नसूनही सोगा धरल्यासारखं धरलं आणि खाली बसवलं.

"बसा! अण्णांचं पान व्हायचंय."

सगळ्यांनी तुमच्याकडं बघितलं. तुमच्या पत्रावळीवर एक अख्खी बट्टी होती. तुम्ही तिचा कोपरा मोडलात, वरणात भिजवलात आणि मान खाली घालून चघळायला लागलात.

आपल्याकडं पंगतीतला वडीलधारा उठल्याशिवाय कुणी उठत नाही. विमानानं फिरणारी माणसंही उठत नाहीत. खरकट्या हातानं मोबाइल धरता येत नाही. त्या दिवशी दीडशे माणसांनी वाळत्या हातानं अख्खं वर्णम बघितलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. संपल्यावर टाळ्या वाजेनात. रेवतीताईंचा चेहरा उतरला. मग त्यांच्या लक्षात आलं, लोक डावा हात मांडीवर आपटत होते.

तेव्हा मी तो योगायोग समजलो. पुढच्या वर्षीही वर्णम संपलं आणि तुमचा शेवटचा घास संपला, तेव्हा मी वहीत नोंद केली. त्याच्या पुढच्या वर्षी घड्याळ लावलं. अण्णा, मी ग्रंथपाल होतो. एकच पुस्तक तीनदा उशिरा आलं तर मी त्याला योगायोग म्हणत नसे.

तुम्हाला विचारलं, तर म्हणालात, "दात नायत मास्तर. कवळी हाय. हळूहळूच जाणार."

हे सांगताना तुम्ही फुटाणे खात होतात. कडाकडा.

"फुटाणे कसे जातात मग?"

"ते सवयीचे हायेत."

कवळीवाल्या माणसानं शहरातल्या सगळ्या पदार्थांतून बट्टीच का निवडावी, हाही प्रश्न मी विचारला. तुम्ही म्हणालात, सैपाकी तीच चांगली करतो. हे तर धडधडीत खोटं होतं. तो सैपाकी दरवर्षी बट्टी करपवायचा.

माझं भांडण तत्त्वाचं होतं, आणि ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणत होतो, कोंडून ठेवलेले लोक म्हणजे प्रेक्षक नव्हेत. ज्याला उठून जाता येतं आणि तरी जो बसतो, तो रसिक. तुम्ही माझ्याकडं, प्लॅटफॉर्म विचारणाऱ्या नवख्या प्रवाशाकडं बघावं तसं बघितलंत.

"मास्तर, गाडी पाच मिन्टं रोखली म्हणून कुणाचं गाव चुकलं का? टायमाला सोडली असती तर अर्धे स्टँडावरच ऱ्हायले असते."

"पण त्यांना जायचं होतं का, हे विचारलंत?"

"तिकीट काढलं व्हतं की त्यांनी."

यावर मला उत्तर सुचलं होतं, पण तोवर तुम्ही चहा मागवलात. उत्तर आता आठवत नाही.

आणि तुम्ही स्वतः? तुम्ही कधी एकदाही मान वर करून मुलींकडं बघितलं नाहीत. सगळ्या हॉलला नृत्य दाखवायचं आणि स्वतः पत्रावळीत बघत बसायचं. मी तोंडावर बोललो होतो, "कलेचे एवढे कैवारी, मग बघत का नाही?" तुम्ही म्हणालात, "मी ऐकतो." मला ते उत्तर फार सोयीस्कर वाटलं. मोठ्या माणसांच्या अशा छोट्या उत्तरांवर माझा विश्वास नाही. त्यांची पुढं बॅनरं होतात.

मग लाकडी फरशीचं निघालं. तुम्हीच काढलंत. तुमच्या वरच्या हॉलला शहाबादी फरशी, आणि तिच्यावर मुली वर्षानुवर्षं पाय आपटत होत्या. दोघींचे गुडघे गेले होते. कमिटीत तुम्ही म्हणालात, "फरशीवरचा आवाज येगळा असतोय. हाडाचा असतोय. खाली झोपणाऱ्याला कळतंय." लाकडाचा खर्च मोठा होता. कूपनाचे पैसे जेवणातच जायचे. वरचे पैसे जमायचे ते हात धुण्याच्या नळाशेजारच्या तबकात. पंगत एकदम उठायची, सगळे एकदम नळाशी यायचे, आणि हात धुवून वळलं की समोर घुंगरू बांधलेली मुलगी तबक घेऊन उभी. ज्यानं नुकतंच अर्धा तास तिला घामाघूम होताना बघितलंय, त्याचा हात खिशात जायचाच. ही जागाही तुम्हीच ठरवली होती. म्हणजे पंगत टिकली तर फरशी. पंगत मधेच फुटली तर शहाबादी.

मी तेव्हा जे बोललो, ते बोलायला नको होतं असं म्हणण्यासाठीच खरं तर हे सगळं लिहितोय, आणि इतका वेळ टाळतोय.

गेल्या वर्षीच्या जेवणानंतर आपण दोघं चपला शोधत होतो. मी म्हटलं, "अण्णा, लोकांच्या पैशातून लाकडी फरशी बसणार ती तुमच्याच घरात ना? क्लास उद्या हलला, तर हॉल कुणाचा आणि फरशी कुणाची?"

मी ते विनोदानं म्हटलं, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिलो. विनोदानं नव्हतं. मला खरंच तसं वाटलं होतं. प्रत्येक उदात्त गोष्टीच्या मागं एक सातबारा असतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव, आणि तुमचा सातबारा सापडल्याचा मला आनंद झाला होता. तुम्ही चपला घातल्यात, डावी उजवी तपासलीत आणि म्हणालात, "चला मास्तर, रिक्षा मिळायची नाय." वर्षभर आपण भेटत राहिलो. चहा झाला, फुटाणे झाले. तो विषय तुम्ही काढला नाहीत आणि मला काढता आला नाही. मग एका साध्या सकाळी तुम्ही गेलात, जेवणाला तीन आठवडे असताना.

कमिटीनं जेवण पुढं ढकलायचं ठरवलं. सुमनवहिनी आल्या आणि म्हणाल्या, "त्यांनी कदी गाडी रद्द केली नाय. तुमी बी करू नका." मग प्लॉटवाले साहेब पुढं सरसावले. हे जेवण 'अण्णांना श्रद्धांजली' म्हणून करू, बॅनर माझ्याकडून, आणि या वेळी बुफे ठेवू, लोकांचा वेळ वाचेल. लोकांचा वेळ वाचवणाऱ्या माणसाकडं मी आधी संशयानं बघतो आणि मग त्याच्या घड्याळाकडं. आयुष्यात प्रथमच मी रूढीच्या बाजूनं भाषण केलं. पंगत ही आपली संस्कृती आहे, असं म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू येईना. पंगत राहिली.

पण अग्रभागी कोण बसणार? साहेब आपणहून तिकडं निघाले. आता वडीलधारे तेच, असं त्यांच्या माणसांचं म्हणणं. मी साहेबांना लग्नात जेवताना बघितलं आहे. अण्णा, तो माणूस नऊ मिनिटांत हात धुतो आणि बडीशेप चालता चालता खातो. तो तिथं बसला असता तर अलारिप्पूच्या, म्हणजे पहिल्याच छोट्या नृत्याच्या आत पंगत उठली असती.

मी म्हणालो, "साहेब, मी तुमच्यापेक्षा मोठा आहे."

"जन्मतारीख?"

"एक जून."

"माझी बी एक जून!"

साल निघालं, तेही एकच. आमच्या पिढीतले निम्मे लोक एक जूनला जन्मले, कारण शाळेत नाव घालताना हेडमास्तर तेवढीच तारीख लिहायचे. मी आयुष्यभर मानपानाची टिंगल केली, सत्काराला गेलो तर मागच्या दाराजवळ बसलो, आणि तुमच्या फोटोसमोर दीडशे माणसांदेखत एका पाटासाठी भांडत होतो. मी म्हणालो, माझी खरी तारीख दिवाळीच्या आधीची आहे. ते म्हणाले, त्यांची महापुराच्या वर्षाची. दोघांकडंही पुरावा नव्हता.

तेवढ्यात सुमनवहिनी तुपाचं भांडं घेऊन आल्या. "साहेब, तुमी पाहुणे. तुमी फोटोशेजारी बसा, तिथून दिसता. मास्तर, तुमी इथं." साहेबांना फोटोशेजारची जागा पटली. मी बसलो. वहिनींनी माझ्या पत्रावळीवर बट्टी वाढली, मग दुसरी, मग तिसरी. मी हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून चौथी टाकली. वाकून हळूच म्हणाल्या, "सावकाश जेवा, मास्तर. घरी सात मिन्टात उठायचे ते. ड्यूटीची सवय."

त्या पुढच्या पानाकडं गेल्या. मी तुमच्या फोटोकडं बघितलं. तुम्ही रागावलेलेच होतात.

वाढपी बाहेर गेले. मुली आल्या. मला वाटलं होतं, एका डोळ्यानं बघता येईल. एकदाच मान वर केली, तर लगेच डावीकडून कुणीतरी म्हणालं, "झालं का ओ मास्तरांचं?" आणि चार गुडघे वळले. मी घाईनं बट्टी मोडली आणि मान खाली घातली. तेव्हा कळलं. वर बघितलं की पंगत फुटते. ज्याला लोकांना दाखवायचंय, त्याला बघता येत नाही. मी कोपरा मोडत राहिलो, भिजवत राहिलो, चघळत राहिलो. साहेबांचा फोन दोनदा वाजला. खरकट्या हातानं त्यांना तो उचलता आला नाही. पाय ऐकू येत होते. मंगल कार्यालयाची फरशी शहाबादीच आहे. तुम्ही म्हणायचात तो हाडाचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला, आणि तिसरी मुलगी अजूनही डावा पाय उशिरा टाकते. शेवटी दीडशे डावे हात मांड्यांवर पडले, तेव्हा माझ्या पानावर अर्धी बट्टी शिल्लक होती.

तबकातले पैसे पुरले, आणि सोमवारी सुतार वरच्या हॉलचं माप घ्यायला आला. मी जिन्यातच उभा होतो. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर तुमचं ठसठशीत अक्षर: 'खिळा मारू नये. समदं स्क्रूनं बसवावं. फळ्यांना नंबर टाकावे. क्लास दुसरीकडं गेला तर फरशी पोरींबरोबर जाईल.'

मी विचारलं, "हे कधी दिलं?"

"झाली की दोन वर्षं," तो म्हणाला. "लाकडाचा भाव काडायला आले व्हते तवाच."

म्हणजे आपण चपला शोधत होतो, त्याच्याही आधी. उत्तर तुमच्याकडं लिहून तयार होतं. एवढा कागद माझ्या तोंडावर मारायला काय हरकत होती? मला माफी मागायची आहे आणि त्याच वेळी तुमच्याशी भांडायचंही आहे. आता दोन्ही जमणार नाही. मी सुताराकडून कागद मागितला. तो म्हणाला, काम झाल्यावर देतो, फळ्यांचे नंबर त्यावरच लिहायचेत.

कोंडलेले लोक प्रेक्षक नव्हेत, हे माझं मत कायम आहे. पुढच्या वर्षीही त्या पाटावर मीच बसणार आहे. साहेबांनी जन्माचा दाखला शोधायला घेतलाय असं कळलं, म्हणून मीही घेतलाय.

लोक म्हणतात, यंदाचं वर्णम आजवरचं सर्वोत्तम झालं. मला माहीत नाही. बट्टी आतून कच्ची होती.